अकॅडेमिक फ्रेजबँक: डिझर्टेशनचं अख्खं वर्ष वापरल्यानंतर

मँचेस्टर विद्यापीठाची ‘अकॅडेमिक फ्रेजबँक’ ही वेबसाइट माझ्या ब्राउझरमध्ये गेल्या जूनपासून उघडी आहे. भूगोलात एम. ए. करतेय. शाळा मराठी माध्यमाची, बी. ए.चे पेपरही मराठीतच लिहिले, आणि डिझर्टेशन, म्हणजे एम. ए.चा प्रबंध, मात्र इंग्रजीत द्यायचं. विषय जत तालुक्यातल्या बोअरवेल आणि विहिरी. बोलण्यापुरतं इंग्रजी मला येत होतं. अडचण होती ती पानभर सलग लिहायची, तेही समोरच्या परीक्षकाला ‘हिला विषय कळलाय’ असं वाटेल इतपत. आमच्यासारख्या मुलांना सगळेच ही साइट सुचवतात, पण ती कशी वापरायची हे कोणी सांगत नाही, म्हणून हे सविस्तर.

साइट फुकट आहे, लॉगिन लागत नाही. जॉन मॉर्ली यांनी ती तयार केली. सुरुवातीची वाक्यं मँचेस्टरमधल्याच पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या 100 प्रबंधांतून वेचलेली होती, पुढे इतर संशोधनातली भर पडत गेली. म्हणजे ही कुणी व्याकरणतज्ज्ञाने बसून रचलेली वाक्यं नाहीत, मुलांनी खरोखर लिहिलेली आहेत. एका बाजूला प्रबंधाच्या टप्प्यांप्रमाणे विभाग: विषयाची ओळख, संदर्भांचा उल्लेख, पद्धत, निष्कर्षांची मांडणी, चर्चा, समारोप. दुसरीकडे कामाप्रमाणे: तुलना करणं, व्याख्या देणं, कारण सांगणं, आकडेवारीतला चढउतार सांगणं, जपून बोलणं. प्रत्येकाखाली अर्धवट वाक्यांच्या रांगा, मधे टिंबं. ना धडे, ना स्वाध्याय, ना कोणी तपासणारं.

त्यामुळे बहुतेक जण करतात तेच करतात: टिंबांच्या जागी आपला विषय कोंबतात. आमच्या बॅचमधल्या एकाचा पहिला चॅप्टर मी वाचला. एकेक वाक्य चकचकीत, पण मांडव दणक्यात आणि आत नवरा-नवरीच नाहीत अशी गत. ‘इन रिसेंट इयर्स देअर हॅज बीन अ ग्रोइंग इंटरेस्ट इन’ असं म्हटलं, की पुढे कोणाचा इंटरेस्ट, कुठल्या अभ्यासात दिसला, हे सांगावं लागतं. ते नसेल तर वाक्य बिनकामाचं.

साइटवरचा सगळ्यात धोकादायक कोपरा ‘नॉलेज गॅप’चा, म्हणजे आधीच्या अभ्यासांत काय राहून गेलंय ते सांगण्याचा. ‘लिटल इज नोन अबाउट…’ हे तिथे तयार मिळतं आणि प्रत्येकाला तेच हवं असतं, कारण सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, गॅप दाखवावीच लागते. पण जतच्या भूजलाबद्दल ‘फार थोडं माहीत आहे’ असं लिहिणं सरळ खोटं ठरलं असतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा वर्षानुवर्षं निरीक्षण विहिरींची पातळी मोजतेय, तालुकावार मूल्यांकनंही निघतात. माहीत नव्हतं ते एवढंच, की नवी बोअर कधी मारायची, किती खोल जायचं, हे घरात ठरतं कसं. गॅप एवढीशीच होती आणि ती शोधायला फ्रेजबँक नाही, मागचे अहवाल वाचावे लागले. वाक्य शेवटी साइटवरूनच घेतलं, पण ते उचलण्याआधी दीड महिना वाचनात गेला.

आता जिथे ही साइट खरोखर उपयोगी पडली ते सांगते. विभागाचं नाव ‘बीइंग कॉशस’, म्हणजेच जपून बोलणं. माझ्या मसुद्यात एक वाक्य होतं: ‘ड्यू टू द इन्क्रीज इन बोअरवेल्स, द वॉटर लेव्हल इन वेल्स हॅज गॉन डाउन.’ व्याकरणाच्या अ‍ॅपने त्याला हिरवी खूण दिली. गाइड मॅडमनी मात्र पेन्सिलने शेजारी लिहिलं: ‘हे तू मोजलंस, की तुला कोणी सांगितलं?’

सांगितलं होतं. शेतकऱ्यांनी मुलाखतीत सांगितलं होतं, आणि त्यांच्या दृष्टीने ते शंभर टक्के खरं होतं. पण मी पातळी मोजली नव्हती. शिवाय कमी पाऊस होता, द्राक्ष-डाळिंबाच्या बागा वाढल्या होत्या, आणि बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या कातळात, पाणी फटींत आणि झिजलेल्या थरांत साठत असल्याने शेजारशेजारच्या दोन विहिरींचंही गणित वेगळं असतं. मग फ्रेजबँक उघडून तासभर त्या एकाच वाक्याशी झटले. शेवटी झालं ते असं: ‘मोस्ट रिस्पॉन्डंट्स अ‍ॅट्रिब्यूटेड द डिक्लाइन टू बोअरवेल्स, दो लो रेनफॉल मे ऑल्सो हॅव काँट्रिब्यूटेड.’ यातला ‘अ‍ॅट्रिब्यूटेड’ हे मत कोणाचं ते सांगतो. ‘मे’ म्हणतो की माझ्याकडे पुरावा नाही, शक्यता आहे. ‘काँट्रिब्यूटेड’ म्हणतो की हे एकमेव कारण नव्हे. शब्द पहिल्या वाक्याइतकेच आहेत, पण यात कोण काय म्हणतंय आणि किती खात्रीने, हे वेगवेगळं कळतं.

आपल्याकडे शाळेत निबंध लिहिताना ठाम बोलण्याला मार्क मिळतात. ‘वृक्षतोडीमुळे पाऊस कमी झाला’ असं ठोकून द्यायचं आणि वर एक सुभाषित. तिथून आलेल्याला ‘मे’, ‘अपिअर्स टू’, ‘टेंड्स टू’ हे सगळं भित्रेपणाचं वाटतं. मलाही ऑक्टोबरपर्यंत तसंच वाटायचं. फ्रेजबँकमध्ये ही वाक्यं उतरंडीने वाचली की कळतं, हा शिष्टाचार नाही, हिशेब आहे. ‘सजेस्ट’ आणि ‘डेमन्स्ट्रेट’ यांच्यातला फरक पुराव्याच्या वजनाचा आहे. आता मी पेपर वाचतानाही आधी क्रियापद बघते. लेखक ‘शो’ म्हणतोय की ‘सजेस्ट’, यावरून त्याची स्वतःची किती खात्री आहे ते समजतं. लिटरेचर रिव्ह्यूला, म्हणजे आधीच्या संशोधनाच्या आढाव्याला, याचा इतका फायदा झाला की तो चॅप्टर मी जवळपास पहिल्यापासून लिहून काढला.

चोरीचं काय, हा प्रश्न हमखास येतो. साइटचं म्हणणं असं की ही वाक्यं कोणाच्या विचारांची नाहीत, नुसते सांगाडे आहेत, म्हणून ती वापरणं वाङ्मयचौर्य नव्हे. आपल्याकडचा नियमही बघून ठेवा. यूजीसीच्या 2018च्या नियमावलीप्रमाणे 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि सलग 14 शब्दांपर्यंत योगायोगाने जुळणारे सर्वसाधारण शब्द मोजणीतून वगळायचे असतात. फ्रेजबँकचे बहुतेक तुकडे त्याहून बरेच लहान आहेत. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमध्ये रंग चढतो तो दुसऱ्याच्या परिच्छेदातले शब्द इकडेतिकडे करून लिहिलेल्या भागाला, आणि तिथे ही साइट वाचवत नाही.

जे ती करत नाही तेही बरंच आहे. मराठीत विचार करून लिहिणाऱ्याच्या हातून ‘ऑलदो’ने सुरू झालेल्या वाक्यात पुढे ‘बट’ येतोच, कारण डोक्यात ‘जरी… तरी’ची जोडी पक्की असते. ‘डिस्कस’च्या मागे ‘अबाउट’ लागतो. ‘द’ कुठे घालायचा याचा तर पत्ताच नसतो. यासाठी मला ‘स्केल’ नावाची साइट उपयोगी पडली, स्केच इंजिनवाल्यांची. शब्द टाकला की तो खऱ्या वाक्यांत कोणाच्या सोबत येतो ते दिसतं. ‘ग्राउंडवॉटर’ टाका, मग त्यासोबत कोणती क्रियापदं चालतात ते डोळ्यांनी बघा. हीही फुकट. एपीए या संदर्भ देण्याच्या पद्धतीच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे रेफरन्स कसे द्यायचे यासाठी पर्ड्यू विद्यापीठाची ‘आउल’ साइट, बाकी काही शोधू नका.

पैसे भरून घेतलेलं व्याकरणाचं अ‍ॅप मी दोन-तीन महिन्यांत बंद केलं. स्पेलिंग आणि एकवचन-अनेकवचन चांगलं पकडायचं. पण पद्धतीच्या चॅप्टरमधल्या प्रत्येक कर्मणी वाक्याखाली रेघ मारायचं. ‘सॅम्पल्स वेअर कलेक्टेड’ हे तिथे चालतंच, उलट तेच अपेक्षित असतं. एआय चॅटबॉटला परिच्छेद देऊन ‘सुधारून दे’ म्हटलं तर इंग्रजी खरंच सुंदर होऊन येतं, फक्त येताना माझा ‘सजेस्ट’ हळूच ‘हायलाइट्स द क्रिटिकल रोल ऑफ’ झालेला असतो. म्हणजे पुन्हा प्रत्येक वाक्य मुळाशी ताडून बघा. त्यापेक्षा स्वतः लिहिलेलं परवडतं. आणि व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, त्या वाक्याचं उत्तर चॅटबॉट देणार नाही, मलाच द्यावं लागणार.

अकॅडेमिक वर्ड लिस्टचाही लोक फार आग्रह धरतात. एव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली काढलेली, 570 शब्दकुळांची (एकाच मुळापासून झालेल्या शब्दांच्या गटांची) यादी. यादी पक्की आहे, पण हॉस्टेलच्या भिंतीवर चिकटवून पाठ करण्याने मला काही मिळालं नाही. माझ्याच विषयातले पाच-सहा पेपर पुन्हापुन्हा वाचले तेव्हा त्यातलेच शब्द आपोआप बसले.

फ्रेजबँक कोणी वापरू नये? आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी. तिथल्या दुसऱ्या टास्कला 250 शब्दांचा निबंध साधारण 40 मिनिटांत लिहायचा असतो, आणि पाठ केलेल्या वाक्यांवर परीक्षकांचा डोळा असतोच. पहिल्या वर्षाच्या मुलांनाही ती फारशी कामाची नाही, कारण त्यांच्याकडे अजून स्वतःची सामग्री नसते. ज्याच्याकडे मुलाखती, मोजमाप, आकडे असं काहीतरी गोळा झालंय आणि ते मांडता येत नाहीये, त्याच्यासाठी ही साइट आहे.

मोबाइलवर चालते, पण लॅपटॉपवर एका बाजूला मसुदा आणि दुसऱ्या बाजूला ती, असंच बसा. याची विकतची ई-बुक आवृत्तीही मिळते, एम. ए.पुरती तिची गरज नाही. आणि पहिल्या विभागापासून सुरुवात करू नका. आपला एक लिहून झालेला परिच्छेद घ्या, त्यातल्या प्रत्येक वाक्यापुढे ते वाक्य काय करतंय हे मराठीत लिहा: कारण सांगतंय, तुलना करतंय, दुसऱ्याचं मत देतंय. ज्या वाक्यापुढे काहीच लिहिता आलं नाही ते काढून टाका, आणि मग उरलेल्यांसाठी साइट उघडा.