परत करून थांबायचं की ठेवायचा? दसऱ्याला घेतलेल्या लॅपटॉपबद्दल, गुढीपाडव्यानंतर

दोनदा चार्जिंग बंद पडलेल्या माझ्या लॅपटॉपबद्दल कस्टमर केअरची मेल आली आहे आणि उत्तर द्यायला आठवड्याची मुदत आहे. पर्याय दोन. मदरबोर्ड पुन्हा एकदा बदलून घ्या, किंवा लॅपटॉप परत करा आणि घसारा वजा करून उरलेले पैसे घ्या. घसारा! सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर पडून होता त्या दिवसांचाही घसारा त्यांनी माझ्याच नावावर धरलाय. त्या रागात हे लिहायला घेतलंय, तेव्हा सूर जरा चढा लागला तर समजून घ्या.

ब्रँडचं नाव लिहीत नाही. तक्रार चालू आहे, आणि खाली जे लिहिलंय ते या किमतीच्या बऱ्याच लॅपटॉपना लागू पडतं. इंटेलचा कोअर ५ २१०एच प्रोसेसर, १६ जीबी रॅम (आठ बोर्डावर सोल्डर केलेली, आठ स्लॉटमध्ये), ५१२ एसएसडी, चौदा इंची पडदा. बाकीचे आकडे तुम्हाला कुठेही मिळतील.

माझं काम मुद्रितशोधन आणि मांडणी. सांगलीत घरूनच करते. दिवाळी अंक, क्लासवाल्यांची गाइडं, अधूनमधून एखाद्या निवृत्त प्राचार्यांचं आत्मचरित्र. आधीचा लॅपटॉप सातव्या पिढीच्या आय-५ चा, तो अजूनही चालतो. पण विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षेची सोय) लागतं, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. जादा सुरक्षा अपडेटची सोय होती, पण तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. लोकांची हस्तलिखितं, बँक आणि बिलं, सगळं त्याच मशीनवर. म्हणून नवा घ्यायचा ठरला.

तेव्हाही घरात 'थांब'चाच धोशा होता. जीएसटी उतरणार आहे, थांब. २२ सप्टेंबरला उतरला तो एसी आणि मोठ्या टीव्हीवरचा, २८ चा १८ झाला. लॅपटॉप आधीच १८ वर होता, तो तिथेच राहिला. थांबण्यातून एवढंच हाती लागलं की दिवाळी अंकांची शेवटची फर्मं मी जुन्या मशीनवर कण्हत-कुथत पूर्ण केली.

आता मुख्य तक्रार, आणि ती बोर्डाची नाही. कीबोर्डची आहे. हसा खुशाल.

या लॅपटॉपला वरचा आणि खालचा बाण मिळून एका कीएवढी जागा दिलीय. डावा-उजवा पूर्ण उंचीचे, आणि त्यांच्या मधोमध वर-खालच्या दोन चिरफळ्या. होम, एंड, पेज अप, पेज डाउन या स्वतंत्र कीच नाहीत, एफएन दाबून बाणांवरच त्या वसूल करायच्या. ज्याला व्हिडिओ बघायचेत त्याला याचं काही वाटणार नाही. मराठी प्रूफ तपासणाऱ्याचं अख्खं काम मात्र बाणांवर चालतं.

कसं ते सांगते. वर्डमध्ये देवनागरी मजकुरात बाण दाबला की कर्सर अख्खं जोडाक्षर ओलांडतो. 'स्त्री'च्या आधी कर्सर ठेवून डिलीट दाबलं तर स्त्री समूळ नाहीशी होते. नंतर ठेवून बॅकस्पेस दाबलं तर फक्त वेलांटी जाते. म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचं तर अक्षराच्या बरोबर उजवीकडे पोचायचं, बॅकस्पेस, नवी वेलांटी. आणि मराठी लेखक ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत किती उदार असतात ते मी सांगायला नको. १९६२ च्या नियमांनी अंत्य इकार-उकार दीर्घ करून साठ वर्षं उलटली, तरी 'कवि' आणि 'गुरु' माझ्याकडे प्रत्येक पानावर येतात. ओळीवरून ओळीवर, शब्दावरून शब्दावर, माउसला हात न लावता बाणांनीच जायचं असतं. इथे खालचा बाण दाबायला जावं तर वरचा दाबला जातो, आणि आपण नेमके दुरुस्त केलेल्या ओळीवर परत.

त्यात ती कोपायलट की, मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनिसाला बोलावणारी. स्पेसबारच्या उजवीकडे जिथे कंट्रोल असायचा तिथे आता ही बसलीय. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२४ मध्ये तिची घोषणा केली, तेव्हापासून नव्या लॅपटॉपांवर ती दिसू लागली. उजवा कंट्रोल आणि डावा-उजवा बाण एकाच हाताने दाबून शब्दागणिक उडी मारायची माझी वीस वर्षांची सवय. आता तसं केलं की पडद्यावर चौकट उगवते आणि 'मी तुमची काय मदत करू' म्हणते. बाजूला हो, एवढीच मदत कर बाई. गंमत म्हणजे या प्रोसेसरमध्ये एआयसाठीचा एनपीयू मुळात नाहीच. की मात्र आहे.

ही की बदलता येते का, म्हणून भरपूर उचकापाचक केली. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये तिला 'शोध' किंवा दुसरं एखादं ॲप जोडता आलं, कंट्रोल मात्र करता आलं नाही. ती दाबली की आतून विंडोज, शिफ्ट आणि एफ२३ असा तीन कींचा संदेश जातो, म्हणून साध्या अदलाबदलीला ती दाद देत नाही. मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉईज या मोफत प्रोग्राममधून जमवलं. पण दाबून धरायला लागलं की मधूनच सटकते. शेवटी साधा वायरवाला कीबोर्ड आणला, होम-एंड शाबूत असलेला, आणि लॅपटॉप स्टँडवर चढवला. घरचा प्रश्न मिटला. छापखान्यात लेखकाशेजारी बसून शेवटच्या दुरुस्त्या करायच्या असतात तिथे हा कीबोर्ड पिशवीत घालून न्यावा लागतो, आणि छापखान्याचे मालक दर वेळी विचारतात, 'ताई, कीबोर्ड वेगळा मिळाला काय?'

चांगलं काय, तेही सांगते, नाहीतर म्हणाल नुसतीच रडते. वेग उत्तम. चित्रांनी भरलेला जाडजूड अंक इनडिझाइनमध्ये उघडून शेजारी ब्राउझर, पीडीएफ आणि वर्ड असले तरी अडखळत नाही. जुन्या मशीनवर पीडीएफ एक्स्पोर्टला लावून मी कुकर लावून यायची. आता उठायलाही वेळ मिळत नाही. मराठी फॉन्टची डोंगलवाली जुनी श्रीलिपीही चालली, कारण यूएसबीची जुनी चौकोनी पोर्टं अजून दोन ठेवलीत. पडद्याचे रंग फिके, मुखपृष्ठाचा लाल इथे विटकरी दिसतो, पण मुखपृष्ठं मी करत नाही. बॅटरी यथातथाच.

टाइप-सी चार्जिंगबद्दल मात्र माझं मत पार फिरलं. पहिल्या महिन्यात मी सगळ्यांना सांगत सुटले होते, काय सोय आहे, एकच ६५ वॉटचा चार्जर, त्यावर फोनही. जानेवारीत एक दिवस चार्जर लावला आणि काहीच झालं नाही. चार्जर बदलला, केबल बदलली. ढिम्म.

वॉरंटी 'ऑनसाइट' आहे. म्हणजे कोल्हापूरहून माणूस घरी येणार, पण पार्ट आल्यावर. पार्ट कधी येणार, तर 'प्रोसेसमध्ये आहे मॅडम'. पार्ट म्हणजे नुसतं पोर्ट नव्हेच. या मॉडेलमध्ये टाइप-सीचं पोर्ट थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेलं, प्रोसेसर त्यावरच, आठ जीबी रॅमही त्यावरच. बोटाच्या पेरापेक्षा लहान भोक नादुरुस्त झालं म्हणून अख्खा बोर्ड बदलायचा. माझ्या जुन्या लॅपटॉपला गोल पिनेचा जॅक होता, छोट्या वायरीवर वेगळा लावलेला. तो एकदा गेला तेव्हा गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने काही शे रुपयांत बसवून दिला होता. तेव्हापासून मी गोल पिनेच्या बाजूने आहे. फोनचा चार्जर चालत नसेल तर नसेल.

बोर्ड बदलल्यावर आणखी एक सोहळा झाला, तो नीट वाचून ठेवा. मशीन सुरू केलं तर निळा पडदा, आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागतोय. विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की ड्राइव्हचं एन्क्रिप्शन बहुधा आपोआप सुरू होतं. त्याची किल्ली बोर्डावरच्या टीपीएमशी बांधलेली असते. बोर्ड बदलला, टीपीएम बदलला, ड्राइव्ह म्हणतो तुम्ही कोण. आलेला मुलगा म्हणाला, 'मॅडम, फॉरमॅट मारू का?' आत तीन पुस्तकांच्या फायली! बॅकअप होता, पण कालपर्यंतच्या दुरुस्त्या त्यात नव्हत्या. ती ४८ अंकी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते, आणि सुरुवातीला सगळं सेट करताना ते खातं भाच्याने उघडलं होतं. त्याला पासवर्ड आठवत होता म्हणून वाचले. तुमचा लॅपटॉप ठणठणीत असला तरी ती की आजच कागदावर उतरवून कपाटात ठेवा.

बदललेला बोर्डही फार टिकला नाही, तेच दुखणं पुन्हा. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर मात्र कंपनीच्या मेलमधली भाषा बदलली, आणि हे दोन पर्याय आले. (पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीची फीही नसते. हे त्यांना लिहून कळवलं होतं. त्याचाही उपयोग झाला असावा.)

भाचा पुण्यात आयटीत आहे. त्याचं म्हणणं सरळ. 'मावशी, देऊन टाक परत. इंटेलचा पँथर लेक हा नवा प्रोसेसर आलाय, १८ए या नव्या तंत्राने बनवलेला. सहा महिने जुन्यावर काढ, स्वस्त झाला की घे.'

माझा पहिला कल त्याच्याच बाजूने होता. मेल आली त्या रात्री मी परताव्याचा फॉर्म अर्धा भरलाही होता. मग हिशेब मांडला.

पँथर लेक जानेवारी २०२६ मध्ये बाजारात आला हे खरं, पण सुरुवातीला ती चीप महागड्या, सडपातळ लॅपटॉपांत असते. पन्नास-पंचावन्न हजारांच्या रांगेत येते ती जुनीच चीप नवं नाव घेऊन. माझा कोअर ५ २१०एच म्हणजे २०२३ मधल्या आय-५ १३४२०एचचंच नवं बारसं. चार मोठे, चार छोटे कोअर तेच, वेग किंचित वाढवलेला. एएमडीही यात मागे नाही. त्यांच्या ७५२०यू प्रोसेसरमध्ये आत झेन २ ही जुनीच रचना निघते, नुसता आकडा बघून घेणाऱ्याला ते कळतही नाही. म्हणजे माझ्या बजेटमध्ये थांबून जे मिळणार ते आत्ता हातात आहे त्याचंच भावंड असण्याची शक्यता जास्त.

आणि रॅम. घेतानाच ठरवलं होतं की दिवाळीचे पैसे आले की स्लॉटमधली आठची काढून सोळाची टाकायची, २४ जीबी होईल. पैसे यायला नेहमीप्रमाणे डिसेंबर उजाडला. तोवर डीडीआर५ रॅमचे दर दुपटीच्या वर गेले होते. मेमरी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, आणि तिघींनाही सध्या एआयच्या डेटा सेंटरना लागणारी एचबीएम मेमरी विकण्यात जास्त पैसा दिसतोय. एचबीएमच्या एका बिटला साध्या रॅमच्या सुमारे तिप्पट वेफर (चिपा कोरायची सिलिकॉनची चकती) खर्ची पडतं, त्यामुळे तुमच्या-आमच्या वाट्याची रॅम आटते. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. मी ज्या सोळाच्या पट्टीवर डोळा ठेवून होते ती क्रुशलचीच.

इथे भाच्याचं गणित उलटं पडतं. 'थांबलं की स्वस्त होतं' हे आम्ही संगणकाच्या बाबतीत कायम ऐकत आलो आणि पुष्कळदा खरंही ठरलं. या वर्षी नाही. दुकानात चौकशी केली तर माझंच मॉडेल मी दिलेल्या किमतीपेक्षा महाग झालंय. परताव्यात घसारा कापला जाणार, नव्यासाठी जास्त द्यावे लागणार, म्हणजे दोन्हीकडून कात्री. त्याच पैशात कदाचित आठच जीबीचा घ्यावा लागेल, आणि तीही बऱ्याच ठिकाणी सगळी सोल्डर केलेली, पुढे वाढवायची सोय नाही. माझ्या लॅपटॉपला स्लॉट आहे हे मी आधी साधी गोष्ट समजत होते. आता तो मला दागिन्यासारखा वाटतो.

बरं, जे नवीन येतंय त्यात माझ्या तक्रारीचं काय? चाळीसहून जास्त टॉप्सचा (हे एआयच्या वेगाचं माप) एनपीयू मिळेल. वर-खालचे बाण पूर्ण उंचीचे मिळतील का, उजवा कंट्रोल परत मिळेल का, टाइप-सीचं पोर्ट वेगळ्या पट्टीवर असेल का, याबद्दल एकाही जाहिरातीत अवाक्षर नाही. गेल्या आठवड्यात मॉलमधल्या दुकानात ओळीने मांडलेले सगळे नवे कीबोर्ड बोटांनी चाचपून आले. पंधरा-सोळा इंचीमध्ये एखादाच बरा निघाला. चौदा इंचीमध्ये तीच चिरफळी. विक्रेता मुलगा मला डिस्प्लेचे निट्स सांगत होता, मी खालचा बाण दाबत होते.

तेव्हा आज सकाळी उत्तर पाठवलं. परतावा नको, बोर्ड बदलून द्या. अटी तीन घातल्या: बोर्ड नवा हवा, दुरुस्त करून फिरवलेला नको; लॅपटॉप जितके दिवस बंद होता तितके दिवस वॉरंटी पुढे वाढवून लेखी द्या; आणि येणाऱ्या माणसाने 'फॉरमॅट' हा शब्द माझ्या घरात उच्चारू नये. तिसरी अट भाच्याने मेलमधून काढायला लावली.

दुपारी उत्तर आलं. वॉरंटी वाढवून देतो म्हणतात. बोर्ड नवा की जुना, यावर 'संबंधित विभागाकडे पाठवले आहे'. रॅमची पट्टी दर उतरेपर्यंत घेणार नाही, १६ जीबीत माझं भागतंय. तोवर जुना सातव्या पिढीचा टेबलावर आलाय, इंटरनेट काढून टाकलेला, आणि त्यावर एका गाइडचं प्रूफ चाललंय. त्याच्या चारही बाणांना बोट कसं बिनचूक लागतं.