गणंग न निघणारा घेवडा: मोती चौकाजवळच्या धान्याच्या दुकानाबद्दल

मी एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला माणूस, राहायला साताऱ्यातच. सव्वादोन वर्षांपूर्वी हिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. समजतं सगळं, शब्द तेवढा येत नाही. तेव्हापासून चूल माझ्याकडे आली. औषधं, फिजिओथेरपी, सकाळी दोन तास येणाऱ्या मावशींचा पगार एवढं भागवून जे उरतं, त्यात पोटभर आणि अंगी लागेल असं खाणं म्हणजे कडधान्यच. आठवड्यातले पाच दिवस आमच्याकडे घेवडा, मसूर, मटकी, हुलगा नाहीतर चवळी असते. म्हणून धान्याचं दुकान कसं आहे, यावर आमचं घर चालतं.

पहिले सहा महिने मी घराजवळच्या एका मोठ्या दुकानातून पाकीटबंद घेवडा आणत होतो. दिसायला चकचकीत. पण रात्रभर भिजवून आठ शिट्ट्या काढल्या तरी मूठभर दाण्यांत दोन-तीन गणंग, म्हणजे न शिजणारे कडक दाणे, निघायचेच. धडधाकट माणूस तो दाणा ताटाच्या कडेला काढून ठेवतो. हिच्या उजव्या गालात मात्र घास अडकून राहतो आणि तो अडकलाय हे हिला कळत नाही. एका रात्री असाच कडक दाणा मागे सरकला आणि जो ठसका लागला, तो थांबेपर्यंत माझ्या हातापायांत त्राण राहिलं नव्हतं. त्या रात्री मी भांडं तसंच झाकून ठेवलं आणि दोघंही दूध-भाकरी कुस्करून जेवलो.

गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी मग नीट समजावलं. घास मऊ आणि एकजीव हवा, पाणी वेगळं आणि दाणे वेगळे असं नको. नुसती पातळ आमटीही हिला चालत नाही, ती चटकन श्वासनलिकेत उतरते. मी माळ्यावरून पुरणयंत्र काढलं. होळीला एकदा खाली यायचं, ते आता आठवड्यातून तीनदा येतं. शिजलेला घेवडा गरम असतानाच त्यातून फिरवायचा. लोण्यासारखा गर खाली उतरतो, सालं वर राहतात. पण दाणा जुना असेल तर दांडा मधेच कटकन अडतो. तो आवाज आला की माझ्या पोटात गोळा येतो.

या दुकानात मला शेजारच्या काकूंनी पाठवलं. मोती चौकातून आत वळलं की जुन्या लाकडी फळ्यांचं दुकान लागतं, दारातच पोती उघडी मांडलेली. प्रत्येक पोत्यात पुठ्ठ्याचा तुकडा खोचलाय, त्यावर माल कुठला आणि नवा की जुना ते लिहिलेलं. मी शेठना सगळी अडचण सांगितली. त्यांनी दोन पोत्यांतले दाणे माझ्या तळहातावर ठेवले. एका हातावरचे फिक्या रंगाचे, वर लालसर वाघपट्टे अगदी उठून दिसणारे. दुसऱ्या हातावरचे काळपटलेले, पट्टे बुजलेले. म्हणाले, "काका, हा कोरेगावकडचा वाघ्या, याच हंगामाचा. तो दुसरा गेल्या सालचा. दहा रुपयांनी स्वस्त आहे, पण वहिनींसाठी तो नेऊ नका." स्वतःचा माल नेऊ नका म्हणणारा दुकानदार मला तोवर भेटला नव्हता.

त्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे, पण मला त्याचं महत्त्व कुकरपाशी कळलं. आठ तास भिजवायचा. ते पाणी टाकूनच द्यायचं आणि नव्या पाण्यात शिजवायचा. घेवडा अर्धाकच्चा राहिला तर उलट्या-जुलाब होतात, त्यामुळे इथे घाई करायची नाही. कुकरच्या दोन शिट्ट्या, मग बारीक गॅसवर १२ मिनिटं. आमसूल आधी घालायचं नाही, आंबटाने दाणा आखडतो. झाकण पडलं की मी एक दाणा वाटीत गार करून हिच्या डाव्या हातात देतो. ही अंगठ्याने तो दाबते. पार पिठूळ झाला तर मान हलवते, नाहीतर एक बोट वर करते, म्हणजे आणखी एक शिट्टी. पंचेचाळीस वर्षं हिने या घरात स्वयंपाक केलाय, त्यात हिचा शब्द शेवटचा.

फोडणीला लसूण, जिरं, चिमूटभर कांदा-लसूण मसाला. मीठ बीपीमुळे कमी, म्हणून शेंगदाण्याचं कूट अगदी बारीक करून सढळ हाताने घालतो. पाव किलो घेवड्यात आमची दोन वेळची जेवणं होतात, आणि पाव किलोला मला ४० रुपयांच्या आत पडतात. आधी दीड महिना जाणारा सिलिंडर आता दोन महिन्यांच्या आसपास जातो.

हुलगाही इथूनच घेतो. शेठ तो भाजून दळून आणायला सांगतात. त्याचं माडगं दाट झालं की चमच्याने सहज भरवता येतं, गूळ घातला तर ही दोन वाट्या संपवते. मसूर चांगला, लवकर शिजतो. मटकी मात्र मला इथली तितकी पसंत नाही. दोनदा त्यात बारीक खडे निघाले, त्यामुळे परातीत पसरून, चष्मा लावून निवडावीच लागते. सांगितल्यावर शेठनी दुसऱ्यांदा बदलून दिली, तरी खडा म्हटला की मी धास्तावतो.

घरपोच सेवा नाही आणि चौकात गाडी लावायला जागा मिळत नाही. हिला मी ४० मिनिटांपेक्षा जास्त एकटं ठेवत नाही, त्यामुळे माझ्यासाठी ही मोठी अडचण होती. आता सकाळी फोन करतो, शेठ सगळं पाव-पाव किलो तोलून, कागदी पुड्यांवर नावं लिहून तयार ठेवतात. मी गेलो की पैसे द्यायचे आणि निघायचं, गल्ल्यापाशी गर्दी असली तरी मला पुढे घेतात. पहिल्यांदा एका बाईंनी हरकत घेतली, शेठनी त्यांना हळूच काहीतरी सांगितलं. पुढच्या वेळी त्याच बाईंनी मला वाट करून दिली आणि विचारलं, "वहिनी जेवतात का आता नीट?"

जेवते. काल घेवड्याचा घास संपल्यावर हिने वाटीकडे बोट दाखवलं, आणखी वाढा म्हणून.