गरम फरशीवर संगमरवर की स्लेट?

लंडनच्या घरात बाथरूमच्या फरशीखाली हीटिंग टाकायचं ठरलं, की दगड कोणता हा प्रश्न येतोच. उष्णता दोन्ही दगड छान वाहून नेतात, त्यात डावं-उजवं नाही. खरा फरक पाण्याचा. पॉलिश केलेला संगमरवर ओला झाला की पाय घसरतो. शिवाय लंडनचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं. क्षारांचे पांढरे डाग काढायला कुणी आम्लाचा क्लीनर ओतला, की चकाकी गेलीच म्हणून समजा! स्लेटचा खडबडीतपणा पाय धरून ठेवतो. तिचे पापुद्रे सुटू शकतात, म्हणून लादी निवडून घ्यावी. घरात वयस्कर माणूस असेल तर मी स्लेटच घेईन.

लादी चिकटवायला लवचीक अ‍ॅडहेसिव्ह दोन्हींना हवं. फिकट संगमरवराला मात्र पांढरंच, नाहीतर खालची करडी छटा वर दिसते. आणि ते पुरतं वाळेपर्यंत हीटिंग बंद.