खंड्याचं कोरडं खाणं: दिवसाला 50 रुपयांचा हिशोब

मी एसटीत वाहक आहे, चिपळूणला. संध्याकाळी कॅश भरताना दहा रुपये कमी आले तर ते माझ्या खिशातून जातात. त्यामुळे हिशोबाची खोड घरीही सुटत नाही. आमचा खंड्या, चार वर्षांचा गावठी कुत्रा, नसबंदी झालेला, दिवसाला किती रुपयांचं खातो हे मी झोपेतसुद्धा सांगेन: 50. या आकड्यावर यायला मला दीड वर्ष आणि एक वाईट जुलै महिना लागला.

आधी तो आमच्याच ताटातलं खायचा. भात, वरण, बुधवारी-रविवारी माशाचं कालवण. सरकारी दवाखान्यात लस टोचायला नेला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "कालवणात कांदा-लसूण असेलच ना, ताई?" असणारच की. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यात माझी ड्युटी कधी पहाटेची, कधी मुक्कामी गाडी. त्याच्यासाठी वेगळं शिजवणार कोण? म्हणून कोरडं खाणं, म्हणजे कुत्र्यांसाठी दुकानात तयार मिळणारे दाणे.

आता तो वाईट जुलै. बाजारातल्या एका दुकानात हे दाणे सुटे मिळायचे, किलोला 130 रुपये. पोत्याचं तोंड उघडं, त्यात प्लॅस्टिकचा डबा खुपसलेला, बाहेर धो धो पाऊस. मी दोन किलो आणले. घरी वास घेतला तर जरासा कुबट. म्हटलं, कुत्र्याच्या खाण्याला असाच वास येत असेल. आठव्या दिवशी खंड्या उलट्या करायला लागला आणि दोन दिवस पाण्याशिवाय कशाला तोंड लावलं नाही. डॉक्टरांनी मूठभर दाणे हुंगले आणि म्हणाले, "याच्यामुळेच झालं असं मी छातीठोक सांगत नाही, पण हे आजच टाकून द्या." दमट हवेत मका-शेंगदाण्यावर जी बुरशी धरते, तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृतावर जातं आणि भाजून, उन्हात वाळवूनही जात नाही. माझ्या मनात तेच आलं होतं, तव्यावर जरा परतून घालू म्हणून. किलोमागे 70 रुपये वाचवले होते, म्हणजे 140. इंजेक्शनं-औषधं मिळून नऊशेच्या पुढे गेली.

सुट्या मालावर लेबल नसतं, हा माझ्या मते त्याचा खरा दोष. बुरशी पुढची गोष्ट. त्यात काय आहे, कधीचं आहे, पिल्लाचं आहे की मोठ्या कुत्र्याचं, काहीच कळत नाही.

मग मी दुसऱ्या दुकानात उभी राहून पिशव्या वाचायला लागले. दुकानदार आधी कंटाळला, मग स्टूल दिलं. लेबलवरची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पेडिग्रीच्या मोठ्या कुत्र्यांच्या चिकन-भाज्यांच्या पिशवीवर पहिलं नाव धान्याचं आणि धान्याच्या उपपदार्थांचं, कोंबडी त्याच्यानंतर. ड्रूल्सवाले चिकन पहिलं लिहितात. वाचून मला वाटलं, झालं, निकाल लागला. पण ओलं चिकन म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. भट्टीत गेल्यावर त्याचं वजन उतरतं. शिवाय तांदूळ, मका, कोंडा अशी नावं वेगवेगळी लिहिली की प्रत्येकाचा नंबर खाली जातो. तीच बेरीज करून लिहिली तर कदाचित धान्यच वर येईल. म्हणजे पहिलं नाव बघून पिशवी उचलणं हे बोर्ड न वाचता गाडीत चढण्यासारखं.

उपपदार्थ या शब्दाला लोक नाक मुरडतात. कलेजी, फुफ्फुस, प्लीहा हे सगळं त्यात येतं. आपल्याकडे वजडीसाठी रविवारी रांग लागते आणि कुत्र्याच्या ताटात आली की ती वाईट? मला हे काही पटत नाही.

खरं काम आकड्यांचं. पेडिग्रीच्या त्या पिशवीवर प्रथिनं कमीत कमी 20 टक्के, चरबी 10, तंतू जास्तीत जास्त 5, ओलावा 12. ओलावा वजा करून 88 भागांत 20 म्हणजे 22.7 टक्के. अमेरिकेत जे मापदंड धरतात त्यात मोठ्या कुत्र्याला कोरड्या वजनावर कमीत कमी 18 टक्के प्रथिनं आणि साडेपाच टक्के चरबी लागते. पिल्लांना साडेबावीस आणि साडेआठ. म्हणजे ही साधी पिशवीसुद्धा खंड्यासाठी पास. डिस्टिंक्शन नाही, पण पास. पिल्लू असतं तर मी मोठ्यांची पिशवी घेतलीच नसती, पिल्लांची वेगळी मिळते.

किती घालायचं हे मात्र पिशवीवरच्या तक्त्यापेक्षा मुलीने चांगलं काढून दिलं. ती बारावीला, सायन्सला. आधी वजन हवं. रेशन दुकानाच्या काट्यावर मी खंड्याला उचलून उभी राहिले, मग एकटी उभी राहिले. वजाबाकी 16 किलो. (माझा आकडा रांगेतल्या सगळ्यांनी वाचला, ते सोडा.) वजनाचा घन करायचा आणि दोनदा वर्गमूळ काढायचं. 16 चा घन 4096, त्याचं वर्गमूळ 64, त्याचं 8. आठाला 70 ने गुणलं की 560 कॅलरी. ही नुसतं पडून राहण्याची गरज. नसबंदी झालेल्या, थोडं हिंडणाऱ्या कुत्र्याला त्याच्या 1.6 पट, म्हणजे 896.

आता दाण्यांत किती कॅलरी? प्रथिनं आणि पिठूळ भाग यांच्या ग्रॅमला साडेतीन, चरबीच्या ग्रॅमला साडेआठ धरायच्या. प्रथिनं 20, चरबी 10, तंतू 5, ओलावा 12 आणि राख म्हणजे खनिजं अंदाजे 8 धरली, तर उरलेले 45 पिठूळ. सगळं मिळून 100 ग्रॅमला 312 च्या आसपास. त्या हिशोबाने दिवसाला 287 ग्रॅम. तेवढं घातल्यावर दोन महिन्यांत खंड्याची कंबर दिसेनाशी झाली, म्हणून 250 वर आणलं. सूत्र सुरुवातीपुरतं, पुढे हाताने बघायचं. बरगड्यांवरून बोटं फिरवली की त्या लागल्या पाहिजेत, पण नुसत्या नजरेने मोजता येता कामा नयेत.

मला पेडिग्रीची ही पिशवी मोठी घेतली की किलोला 200 च्या आसपास पडते. पाव किलो म्हणजे 50 रुपये, महिन्याला 1500. रॉयल कॅनिन हे महागातलं खाणं घ्यायचं तर जवळपास तिप्पट. ती पिशवी वाईट आहे असं मी म्हणत नाही. किडनीचा त्रास, ॲलर्जी असं काही असेल आणि डॉक्टरांनी लिहून दिलं तर पोटाला चिमटा काढून घेईन. पण ठणठणीत गावठी कुत्र्याला माझ्या पगारात ते नको. आणि गंमत म्हणजे पेडिग्री आणि रॉयल कॅनिन दोन्ही मार्स या एकाच कंपनीच्या. दोन पिशव्यांची तुलना करताना किलोचा भाव सोडा, दिवसाचा काढा. जास्त चरबीच्या पिशवीतले दाणे कमी लागतात, त्यामुळे किलोमागे 15 रुपयांचा फरक दिवसाला कधी दोन-तीन रुपयांवर येतो.

कुत्रा आवडीने खातो म्हणजे माल चांगला, हे मी आता मानत नाही. हे दाणे पीठ शिजवून साच्यातून दाबून काढतात आणि वरून चरबी न् चवीचा लेप देतात. लेपावर उडी पडते. त्या कुबट दाण्यांवरही खंड्या तितक्याच प्रेमाने तुटून पडला होता.

बदल करताना घाई केली की कुत्र्याचं पोट बिघडतं. मी आठवडाभर घेतला: पाव भाग नवं, मग निम्मं, मग पाऊण. बाजारात तारली स्वस्त असली की बिनमिठाची उकडून, काटे काढून वर घालते, नाहीतर उकडलेलं अंडं. पण दिवसाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त वरचं नाही, म्हणजे 250 ग्रॅमच्या हिशोबाने 78 कॅलरींच्या आत. एक अंडं 70-75 ला जातं, त्यामुळे अंड्याच्या दिवशी नवऱ्याच्या हातची चपाती बंद. हा नियम मोडला जातो. मी ड्युटीवर असताना काय चालतं ते खंड्याच्या पोटाकडे बघून कळतं.

जूनपासून पावसाळाभर मोठी पिशवी घेत नाही, तीन किलोची घेते. किलोला भाव जरा चढा पडतो, पण दाणे 12 दिवसांत संपतात, हवा खात नाहीत. पिशवीतून काढून डब्यात ओतत नाही. पिशवीच तोंड गुंडाळून, चिमटा लावून पत्र्याच्या डब्यात ठेवते, म्हणजे बॅच नंबर आणि तारीख हाताशी राहते. उन्हाळ्यात मोठी पिशवी उघडली तरी दीड महिन्याच्या आत संपवायची, नाहीतर वरची चरबी खवट होते. उघडल्याची तारीख स्केचपेनने पिशवीवर लिहिते. मोजायला आधी वाटी होती, पण नवऱ्याची वाटी शिगोशीग आणि माझी सपाट. आता 400 रुपयांचा डिजिटल काटा आणलाय. तो खंड्याने ओळखलाय. बटण दाबल्यावर टीं वाजलं की अंगणातून थेट स्वयंपाकघरात.