फ्रेटबोर्डसाठी लकडगंजातली जुनी शिसव

घरी गिटारचा फ्रेटबोर्ड, म्हणजे तारांखालची बोटं दाबायची लाकडी पट्टी, बनवायचा म्हटलं की बहुतेक जण आधी फ्रेटवायर (त्या पट्टीतल्या खाचांत बसणाऱ्या आडव्या फ्रेटांची धातूची तार) कुठली आणि करवत कुठली ते विचारतात. दोन्ही ऑनलाइन मिळतात, चांगली मिळतात. काम अडतं ते लाकडापाशी. नागपुरात राहत असाल तर माझं उत्तर ठाम आहे: लकडगंजात जा. मी जिथून घेते त्या आरा मशीनच्या काकांनी नाव लिहू नका म्हणून सांगितलंय. त्यांचा धंदा चौकटी आणि दारांचा. हातभर फळी मागणारे वाढले तर मोठी कामं खोळंबतात. पण टिंबर मार्केटात शिरून "जुनी शिसव कोण फाडून देतं?" असं विचारलंत तर लोक बरोबर त्यांच्याकडे पाठवतात.

जुन्या लाकडाचा एवढा आग्रह का, ते आपल्या हवेमुळे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, हवा कोरडी ठणठणीत होते. मग घराघरांत कूलर लागतात आणि खोलीत ओल भरते. त्यामागून पावसाळा येतो. लाकूड रुंदीत आक्रसतं आणि फुगतं, धातूच्या फ्रेटा मात्र होत्या तेवढ्याच राहतात. मग उन्हाळ्यात त्यांची टोकं बोर्डाच्या कडेबाहेर येतात आणि हात सरकवला की बोचतात. याआधी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून तयार पट्टी मागवली होती. दिसायला देखणी, पॅकिंगही नीट. पण लाकूड पुरतं वाळलेलं नव्हतं. एप्रिलमध्ये ती मधोमध खोलगट झाली आणि कामातून गेली.

काकांकडे मोडलेल्या जुन्या फर्निचरचा ढीग असतो. त्यातून त्यांनी एका शिसवी पलंगाची लांब पट्टी काढली. "ताई, गिटार बनवून राहिल्या का?" म्हणत ती उन्हात धरली आणि म्हणाले, "याले जेवढं हलायचं होतं तेवढं हे हलून चुकलं." वरचं काळपट पॉलिश खरवडल्यावर आतून जांभळट-तपकिरी गाभा निघाला, मधे काळ्या रेषा. गाठ नाही, पांढरं लाकूड नाही. एका टोकाला बोल्टचं भोक होतं, तेवढं सोडून लांबी पुरत होती.

शिसव म्हणजे डालबर्जिया लॅटिफोलिया, जगभरच्या गिटारींवर इंडियन रोझवूड म्हणून बसतं ते हेच झाड. २०१७ मध्ये साईट्‌स या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारानं डालबर्जियाच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याची अट घातली, तेव्हा फेंडर या गिटार कंपनीनं मेक्सिकोत बनणाऱ्या आपल्या गिटारींवर रोझवूडऐवजी पाऊ फेरो हे दुसरं लाकूड लावायला घेतलं. तयार वाद्यांना सूट मिळाली ती २०१९ मध्ये. ज्या लाकडासाठी कारखान्यांना एवढी धावपळ करावी लागली, ते आपल्याकडे जुन्या पलंगांत पडून आहे. नवं झाड न तोडता ते वाद्याला लागतं, याचा मला फार आनंद वाटतो.

आता खरी सेवा, म्हणजे फाडणी. आऱ्यावरच्या भाऊंनी आधी पट्टीवरून चुंबक फिरवलं, आत खिळा मोडून राहिलाय का ते पाहायला. मग पट्टीचं टोक ओलं करून वर्षवलयं कशी बसलीत ते पाहिलं आणि खडूनं रेघ मारली, अशी की फाडल्यावर वलयं फळीत उभी यावीत. लाकूड वलयांच्या दिशेनं जितकं आक्रसतं, त्याच्या साधारण निम्मंच त्याला काटकोनात आक्रसतं. उभ्या वलयांच्या फळीची रुंदी म्हणूनच कमी बदलते. हे मला त्यांना सांगावं लागलं नाही. चौकटीचं लाकूड पाहता पाहता आलेली ही नजर आहे, आणि पैसे द्यायचे ते या नजरेचे.

तिथे मिलिमीटर सांगू नका, सूत सांगा. ८ सूत म्हणजे १ इंच. तयार बोर्ड ६ मिलिमीटरच्या आसपास हवा, म्हणजे जवळपास २ सूत. मी ३ सूत मागितलं, कारण आऱ्याच्या पात्याच्या खुणा घरी काढायच्या असतात. लांबी २० इंच, रुंदी अडीच. त्यांच्याकडे रंधा मशीनही आहे, पण एवढ्या छोट्या फळीसाठी मी ती टाळली. मशीन फळीची टोकं जास्त खाते, शिवाय शिसवीचे तंतू उलटसुलट असल्यानं कपचे उडतात. घरी धारदार हातरंधा आडवा-तिरका चालवून आणि शेवटी स्क्रॅपरनं (खरवडायच्या पोलादी पत्र्यानं) पृष्ठभाग आरशासारखा निघाला.

पुढचं काम शांतपणे करायचं. माझं स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४७.७ मिलिमीटर. त्याला १७.८१७ नं भागलं की नटपासून (वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून) पहिली फ्रेट येते, ३६.३५ मिलिमीटरवर. उरलेल्या लांबीला पुन्हा तोच भागाकार, असं करत बारावी बरोबर मध्यावर, ३२३.८५ ला येते. आकडे सगळे आधी कागदावर मांडायचे आणि प्रत्येक खूण नटपासूनच मोजायची. एका फ्रेटपासून दुसरी मोजत गेलं की चुका साठत जातात. सतारीचा पडदा सरकवून सुरात आणता येतो, इथे खाच पडली की पडली. खाच ०.६ मिलिमीटरची. या लाकडात ती इतकी स्वच्छ पडली, कडा इतक्या कोऱ्या राहिल्या, की फ्रेटा हलक्या हातोडीनं जागच्या जागी बसल्या. बोर्ड गिटारच्या मानेला चिकटवण्याआधी खालची बाजू ॲसिटोननं पुसा, शिसवीतलं तेल गोंदाला धरू देत नाही.

फाडणीसकट ७०० रुपये झाले. घासाघीस केली नाही.

उणिवा आहेत. भुसा ओढून घ्यायची काही सोय नाही, आणि शिसवीचा भुसा घशाला, डोळ्यांना, कातडीला त्रास देतो. मास्क घरूनच न्या. फोनवर काही ठरत नाही. ढिगात शिसव असेलच असं नाही, कधी नुसतं सागवान असतं आणि हात हलवत परत यावं लागतं. सकाळी मोठे ओंडके चढलेले असतात तेव्हा छोट्या कामाला कुणी हात लावत नाही, दुपारी जेवणानंतर गेलं की भाऊ निवांत वेळ देतात. पट्टी फाडून आणल्यावर लगेच खाचा पाडू नका. दोन्ही बाजूंनी हवा लागेल अशी पंधरा दिवस घरात उभी ठेवा, कूलरपासून लांब, आणि मगच रंधा हातात घ्या.