‘कधीच न तुटणारं’ खेळणं आणि 9,694 रुपयांचा चुना

हिशेब आधी मांडतो. प्रत्येकी 1,199 ची कुत्र्याची चार खेळणी, वर डिलिव्हरीचे 149, म्हणजे 4,945. खेळण्याचा तुकडा कुत्र्याच्या पोटात गेला त्याचं डॉक्टरचं बिल वेगळं: दोन बाजूंचे एक्स-रे 1,400, सोनोग्राफी 1,200, सलाईन आणि इंजेक्शनं 1,850. आणि ज्याची सगळ्यात जास्त लाज वाटते ते 299, ‘रिफंड प्रोसेसिंग’चे. एकूण 9,694 रुपये.

जाहिरातीचा साचा तुमच्या ओळखीचाच. काळं रबर चावून चावून दमलेला पिटबुल, त्याच रबरावरून जाणारं ट्रकचं चाक, खाली ‘लाइफटाइम गॅरंटी’, ‘फक्त 7 नग शिल्लक’ आणि उलटं पळणारं घड्याळ. फोटो काँग या कुत्र्यांची खेळणी करणाऱ्या कंपनीच्या काळ्या एक्स्ट्रीम खेळण्याचे, नाव मात्र कधी न ऐकलेलं. यात कोण अडकतं, असं म्हणून हसू नका. ज्याच्या घरात रॉटवायलर किंवा तरुण लॅब्राडोर आहे त्याला विचारा. शिट्टीचं खेळणं आणलं की पहिल्यांदा शिट्टीच बाहेर येते, दोरीच्या गाठीचा संध्याकाळपर्यंत कापूस होतो, आणि मग सोफ्याचा नंबर लागतो. अशा माणसाला ‘तुटणार नाही’ एवढा शब्द पुरतो.

तरी मी फसायला नको होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात यंत्रांना लागणारे रबराचे बुश, गॅस्केट, ऑइल सील करून घेण्यात माझी हयात गेली आहे. नुसत्या बोटाने दाबून मालात खडूची पावडर किती मारलीय ते सांगणारे आम्ही, आणि आम्हालाच रबराच्या नावाखाली गंडवलं. शेजारच्या दोन घरांची ऑर्डरही माझ्याच भरवशावर माझ्या ऑर्डरीत घातलेली होती, म्हणून तर चार नग.

खरं ते तिथेच, माप निवडायच्या चौकटीत दिसत होतं. स्मॉल 1,199. मीडियम 1,199. लार्ज, एक्सएल, डबल एक्सएल, सगळ्यांना 1,199. अरे, रबर किलोवर मिळतं! स्मॉलला जेवढा माल लागतो त्याच्या कितीतरी पट डबल एक्सएलला लागतो. साचा वेगळा लागतो. जाड नगाच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोचून तो आतून शिजायला, म्हणजे पक्का व्हायला हवा, म्हणून प्रेसमध्ये वेळही जास्त जातो. पाचही मापं एका भावात देणारा एकतर दानधर्म करतोय, नाहीतर त्याच्याकडे साचाच एक आहे. त्याच्याकडे एकच होता. काहीही निवडा, येणार तोच नग. हे मला कळलं नाही असं नाही, कळून मी पुढे गेलो. मनाची समजूतही तयार होती: चपलांना नाही का सगळ्या मापांना एकच भाव असतो, सेलमध्ये सरसकट लावतातच की. कोल्हापूरच्या माणसाला चप्पलच आठवायची!

कॅश ऑन डिलिव्हरी आहे म्हणजे धोका नाही, हाही भ्रम काढून टाका. पैसे आधी, पार्सल नंतर उघडायचं. आणणाऱ्या पोराच्या हातात काही नसतं, त्याच्यावर ओरडू नका. पण पार्सल कापायच्या आधीपासून व्हिडिओ चालू ठेवा आणि चिकटवलेलं लेबल त्यात वाचता येईल असं घ्या. पाठवणाऱ्याचा पत्ता बहुतेक वेळा फक्त त्या लेबलवरच असतो.

आत आलेला नग काळा, तेलकट, घासलेटसारखा वास मारणारा. जोडरेषेवर साच्यातून निसटलेल्या मालाची धारदार कड तशीच लोंबत होती. आणि भोक एकच. हे भोकाचं नीट वाचा, कारण इथे प्रश्न पैशाचा नाही. चाटायला भरायच्या पोकळ खेळण्याला दोन भोकं लागतात: खाली मोठं, वर हवेसाठी लहान. एकच असेल तर आतलं चाटताना हवा ओढली जाऊन जीभ आत अडकते, सुजते, आणि निघत नाही. नुसता पाकिटाचा फोटो दिसला तरी दुकानदाराला भोकं किती ते विचारा.

रबर ओळखायचं कसं ते सांगतो. विकत घेण्याआधी करता येण्यासारखं: अंगठ्याचं नख दाबा. खूण उठायला हवी आणि लगेच भरून यायला हवी. खूण उठलीच नाही तर वस्तू दातापेक्षा कडक आहे, आणि उठून तशीच राहिली तर ते मऊ प्लास्टिक आहे. फरशीवर टाका, चांगलं रबर उसळतं. कड धरून ताणा, ताणलेली जागा पांढरट पडली तर माल भेसळीचा. घरी आणल्यावर: तापवलेली सुई टोचा. प्लास्टिक असेल तर ती लोण्यात जावी तशी आत जाते आणि माल वितळतो, शिजवलेलं रबर वितळत नाही, करपतं. एक बारीक काप पाण्यात टाका. निव्वळ नैसर्गिक रबर पाण्यापेक्षा हलकं असतं, दगडासारखा तळ गाठला तर आत खडू नाहीतर पीव्हीसी प्लास्टिक असू शकतं. आमच्या चारही नगांचे काप तळाला गेले.

का फाटतं, तेही समजून घ्या. नैसर्गिक रबर ताणलं की त्या जागचे रेणू एका रेषेत येतात आणि तिथेच ते घट्ट होतं, म्हणून सुळ्याने पडलेली चीर पुढे पळत नाही. खडूने भरलेल्या मालात ही ताकद राहत नाही. एक टोच पडली की दाढ तिथेच बसते आणि बोटाएवढा लचका निघतो. तोच गिळला जातो.

गिळल्यावर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, मिठाचीच विषबाधा होते. वारंवार उलटी, अन्नाला तोंड न लावणं, शी न होणं, पाठ कमानीसारखी धरणं, यातलं काही दिसलं तर दुसरा दिवस उजाडू देऊ नका. डॉक्टरकडे जाताना उरलेलं खेळणं घेऊन जा, केवढा तुकडा गायब आहे ते त्यावरून कळतं. असा माल एक्स-रेत दिसेलच असं नाही. आमच्याकडे तुकडा आपोआप बाहेर पडला. पोट फाडावं लागलं असतं तर वरचा हिशेब फार लांब गेला असता.

आता 299. पाकिटावर कस्टमर केअरचा मोबाइल नंबर होता. फोन लगेच उचलला गेला. हिंदीत गोड बोलणं, माफी, ‘पूर्ण पैसे परत देतो, फक्त 299 प्रोसेसिंग भरा, तेही परत येतील’. क्यूआर आला, पैसे गेले, नंबर बंद. 4,945 परत येणार म्हटल्यावर 299 कडे कोण बघतो, एवढंच माझं म्हणणं. पैसे घ्यायला ना क्यूआर स्कॅन करावा लागतो, ना पिन टाकावा लागतो. गेलेच, तर तासाभराच्या आत 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, रक्कम पुढे सरकायच्या आत खातं गोठवता आलं तर आलं.

आणि मग तक्रारीची वारी. पोलीस ठाण्यात साहेबांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अहो, हितं माणसांचे लाख-लाख गेल्यात, तुम्ही कुत्र्याचं खेळणं घेऊन आलाय व्हय?” मागच्या बाकावर हशा. अर्ज घेतला, पोच दिली नाही. मागितल्यावर शिक्का आणायला गेलेले हवालदार जेवून आले. दुसऱ्या एका कार्यालयात सांगितलं, ऑनलाइनचं आमच्याकडे येत नाही. पाकिटावर उत्पादकाचं नाव नाही, पत्ता नाही, कुठल्या देशातून आलं ते नाही, महिना-वर्ष नाही. 2011 च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांत हे सगळं छापणं बंधनकारक आहे, आणि 2018 पासून, महिना-वर्ष सोडून बाकीचं, ऑनलाइन विक्रीच्या पानावरही दाखवावं लागतं. हे मी सांगितल्यावर उत्तर काय, तर “मग तुम्ही घेतलंच कशाला?” बँकेत म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत, आम्ही काय करणार. प्रत्येक टेबलावर एकच हसू: कुत्र्याचं खेळणं! त्याच भामट्याने औषध विकलं असतं तर हसला असता का कुणी? वस्तू काय आहे यावर फसवणूक ठरते का?

त्या पाकिटावर आयएसआयचा शिक्काही होता. तो पाहून भुलू नका. खेळण्यांच्या दर्जाचा 2021 पासून लागू झालेला सक्तीचा आदेश 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी आहे, कुत्र्याच्या नाही. शिक्का खरा असेल तर वर आयएस क्रमांक आणि खाली सीएम/एल परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. आमच्या पाकिटावर दोन्ही जागा कोऱ्या.

मग घ्यायचं काय? पहिली गोष्ट, ‘कधीच तुटणार नाही’ असं काही नसतं, आणि चांगल्या कंपन्या तसं म्हणतही नाहीत. काँग 1976 पासून आहे, तरी तेसुद्धा चावणाऱ्याच्या जोरावर रंग वेगळे देतात: लाल साधारण, काळं जोरात चावणाऱ्यासाठी. 13 ते 30 किलोच्या कुत्र्याला लार्ज, 27 ते 41 ला एक्सएल. वजन मधलं असेल तर मोठं माप. लहान माप पूर्ण दाढेखाली जातं आणि दाढेखाली गेलेलं काहीही टिकत नाही. आत भात-दही किंवा दुधात कुस्करलेली भाकरी भरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. कुत्रा चाटत बसला की चावणं आपोआप कमी होतं. कांदा, मनुका नकोत. रोज नग तपासा, लचका गेलेला दिसला की सरळ कचऱ्यात.

शिंग, खूर, शिजवलेली हाडं देऊ नका, वरची मोठी दाढ उभी चिरते. स्कूटरच्या टायरचा तुकडा तर नकोच, कडेला पोलादी तार असते आणि आत नायलॉनचे दोरे. दोरीचे धागे आतड्यात अडकले तर आतडं चुण्या पडून फाटतं, शेपटीखाली धागा लोंबताना दिसला तरी ओढायचा नाही. जुनी कोल्हापुरी चप्पल चघळायला देणाऱ्यांना काय सांगणार, जुनी आणि नवी यातला फरक कुत्र्याला कोण शिकवणार?

हसणाऱ्या टेबलांवर वेळ घालवण्यापेक्षा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवून नंबर घ्या आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे चला. आपण राहतो तिथल्या आयोगात दावा करता येतो, 5 लाखांपर्यंत फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. दावा ऑनलाइनही दाखल होतो. सोबत लेबलचा फोटो, व्हिडिओ, पैसे दिल्याची नोंद, विक्रीच्या पानाचे स्क्रीनशॉट (पान गायब होतं, म्हणून पहिल्याच दिवशी काढा) आणि डॉक्टरचं बिल लावा. त्या बिलावर ‘रबरसदृश तुकडा’ असं लिहून घ्या, नुसतं ‘उलट्या’ लिहिलं तर खेळण्याशी संबंध जोडता येत नाही. फाटलेला नग पिशवीत बंद करून, तारीख टाकून, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा. खालच्या नको.