एस्टा रिजेक्ट झाल्यावर: परत एस्टा भरायचा की सरळ बी1/बी2 व्हिसा?

ब्रिटिश पासपोर्ट हातात आला की अमेरिकेचा व्हिसा हा विषय आपण डोक्यातून काढूनच टाकतो. भारतीय पासपोर्टवर होतो तेव्हाची ती कागदांची फाइल, इंटरव्ह्यूची तारीख, सगळं मागे पडलं, आता फोनवर एस्टा, म्हणजे व्हिसा न काढता अमेरिकेला जायची ऑनलाइन परवानगी, तिचा फॉर्म भरायचा, कार्डाने पैसे भरायचे आणि तिकीट काढायचं. त्यामुळे ज्या दिवशी स्क्रीनवर 'ट्रॅव्हल नॉट ऑथराइज्ड' येतं त्या दिवशी आधी काही सुचतच नाही आणि मग लोक घाईघाईत काहीतरी करून बसतात. माझा एस्टा असाच नाकारला गेला होता, बायकोचा आणि मुलांचा मात्र लगेच मंजूर, आणि त्यानंतर परत एस्टा भरायचा की बी1/बी2, म्हणजे कामानिमित्त किंवा फिरायला जायचा व्हिसा काढायचा, या दोन्ही रस्त्यांचा मी बराच विचार करून एक निवडला. यूकेतल्या मराठी मंडळींपैकी दर सुट्टीच्या आधी कोणी ना कोणी हेच विचारतं म्हणून सगळं एकदाच नीट लिहितोय. मी वकील नाही, तुमची परिस्थिती वेगळी असू शकते, हे धरून वाचा.

पहिली गोष्ट, एस्टा नाकारला म्हणजे अमेरिकेने तुम्हाला बंदी घातली असं नाही. त्याचा अर्थ एवढाच की व्हिसा वेव्हर, म्हणजे व्हिसामाफीच्या सवलतीखाली तुम्ही जाऊ शकत नाही, व्हिसा मागायचा दरवाजा उघडाच असतो. हे नियमातच आहे, तरीही लोक इतके घाबरतात की ट्रिपच रद्द करतात. तसं करू नका.

दुसरं, काही जणांना निवडायला काही उरलेलंच नसतं. 1 मार्च 2011 नंतर इराण, इराक, सीरिया, सुदान, लिबिया, सोमालिया, येमेन किंवा उत्तर कोरियाला गेला असाल, किंवा 12 जानेवारी 2021 नंतर क्युबाला, तर एस्टा तुमच्यासाठी संपला. क्युबाचं बऱ्याच जणांना माहीत नसतं. यूकेतून वाराडेरोची पॅकेज ट्रिप अगदी रीतसर विकली जाते, आपण समुद्रकिनाऱ्यावर आठवडा काढून येतो, कुठलाही कायदा मोडलेला नसतो, आणि पुढे न्यू जर्सीला ताईकडे जायचं ठरलं की हे समोर येतं. आपल्यातले ऑइल अँड गॅसवाले जे प्रोजेक्टसाठी इराकला किंवा लिबियाला जाऊन आलेत त्यांचंही तेच. अमुक वर्षं गेली की हे आपोआप पुसलं जाईल असंही नाही, कारण तारीख 'तेव्हापासून पुढे कधीही' अशी आहे. अशांनी खालचं सगळं सोडून सरळ व्हिसाचा फॉर्म उघडावा. आणि कृपा करून कोणाच्या सांगण्यावरून परत एस्टा भरताना 'गेलो नाही' असं टिक करू नका, खोटी माहिती दिली असं एकदा रेकॉर्डवर लागलं की कायमची अपात्रता येऊ शकते, आणि ती एस्टा नाकारण्यापेक्षा कितीतरी वाईट.

आता उरलेले, म्हणजे ज्यांना कारणच कळलेलं नाही असे. मी त्यातलाच. यातही एक लहान गट असा की ज्यांच्याकडून फॉर्ममध्ये काहीतरी चुकीचं गेलंय, पासपोर्ट नंबरमध्ये शून्याच्या जागी ओ, किंवा ते आजार, अटक वगैरेचे प्रश्न असतात तिथे चुकून 'हो'. मूळचे भारतीय असलेल्यांचा घोळ नागरिकत्वाच्या प्रश्नांत होतो. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारं कार्ड, हे दुसरं नागरिकत्व नव्हे, त्यामुळे 'सध्या आणखी कुठल्या देशाचे नागरिक आहात का' याचं उत्तर नाही, पण 'पूर्वी होता का' याचं उत्तर हो, भारत. भरलेला फॉर्म शांतपणे परत वाचा, आणि अशी ठळक चूक सापडली तर परत एस्टा भरणंच योग्य, त्यात वाद नाही. पैसेही फार नाहीत, 30 सप्टेंबर 2025 पासून फी 21 वरून 40 डॉलरच्या घरात गेलीय पण नाकारला तर पूर्ण रक्कम कापत नाहीत, फक्त प्रोसेसिंगचे तेवढे घेतात.

पण फॉर्म बरोबर होता, सगळी उत्तरं खरी होती, आणि तरी नाही म्हणाले, तर? इथे परत एस्टाच्या बाजूने बोलणारे सांगतात की नावात साम्य असेल कोणाशी तरी, अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याची डीएचएस ट्रिप नावाची तक्रार यंत्रणा आहे तिथे अर्ज कर, रिड्रेस नंबर म्हणजे त्या तक्रारीचा क्रमांक मिळेल, मग परत भर. चूक नाही ते. फुकट आहे, ऑनलाइन आहे, कुठे जायला लागत नाही, आणि एअरपोर्टवर दर वेळी ज्यांना बाजूला घेतात त्यांच्यासाठी तर करावंच. पण या डीएचएस ट्रिपमुळे एस्टा मिळेलच अशी खात्री नाही हे ते स्वतःच स्पष्ट लिहून ठेवतात. दूतावासाला विचारावं तर एस्टा का नाकारला हे तेही सांगू शकत नाहीत, तो त्यांच्या अखत्यारीतला विषयच नाही. अपील नाही.

माझं खरं अडलं ते इथेच. फी, वेळ, फॉर्मची लांबी हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पण कारण न सांगता आलेलं 'नाही' घेऊन तुम्ही नक्की काय दुरुस्त करणार? मी फॉर्म इतक्या वेळा वाचला की बायको म्हणाली आता पाठ झाला असेल. समजा पुन्हा भरला आणि मंजूर झाला, तरी मला कळणार नाही की आधी काय चुकलं आणि आता काय बरोबर झालं. आणि एस्टा टिकतो जास्तीत जास्त दोन वर्षं, पासपोर्ट बदलला तर तोही लगेच संपतो, म्हणजे प्रत्येक वेळी तीच धाकधूक, तिकिटं काढलेली, ताईने सुट्ट्या टाकलेल्या, दाजींनी कॅम्पिंगचं बुकिंग करून ठेवलेलं, आणि आपण स्क्रीन रिफ्रेश करत बसलोय की या वेळेला काय म्हणतात. मंजूर झालेला एस्टा नंतर रद्दही होऊ शकतो. मला हे एकदा सहन झालं, दर दोन वर्षांनी नको होतं.

व्हिसाच्या बाजूचे त्रास मी लपवणार नाही, कारण ते खरे आहेत. 185 डॉलर माणशी, आणि नाकारला तर ते गेले. डीएस-160 हा व्हिसाच्या अर्जाचा ऑनलाइन फॉर्म लांबलचक, थोडा वेळ हात थांबला की सेशन संपतं, म्हणून सुरुवातीलाच ॲप्लिकेशन आयडी लिहून ठेवा आणि पानोपानी सेव्ह करत जा. गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची खाती विचारतात, प्रवास विचारतात, आणि एस्टा कधी नाकारला गेला होता का हा प्रश्न त्यात सरळसरळ आहे. तिथे हो लिहायचं आणि खाली एकदोन वाक्यांत खरं ते. मी लिहिलं की अमुक महिन्यात अर्ज केला होता, नाकारला, कारण कळवलेलं नाही. एवढंच. पानभर खुलासे देऊ नका.

इंटरव्ह्यूच्या तारखेचं सांगता येत नाही, कधी लवकर मिळते कधी महिने जातात, लंडन आणि बेलफास्ट दोन्हीकडे यूकेतल्या लोकांना अर्ज करता येतो तेव्हा दोन्हीकडच्या तारखा बघाव्यात. अर्जंट तारीख मागायची सोय आहे पण त्यासाठी आधी साधी बुक करावी लागते, आणि लग्न, भाचीचं ग्रॅज्युएशन, बहिणीचं बाळंतपण ही कारणं सहसा त्यात धरत नाहीत. हे आपल्या लोकांनी विशेष लक्षात घ्यावं, कारण आपण अमेरिकेला बहुतेक वेळा यासाठीच निघतो.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटत होती ती पासपोर्टची. व्हिसा मंजूर झाला की पासपोर्ट ते ठेवून घेतात आणि काही दिवसांनी परत देतात. आईबाबा सांगलीला, दोघंही सत्तरीच्या पुढे, आणि त्या मधल्या दिवसांत रात्री फोन आला तर? ओसीआय कार्ड नुसतं असून उपयोग नाही, पासपोर्टशिवाय विमानात कोण घेणार? हा विचार करून मी फॉर्म भरून तसाच ठेवला होता कितीतरी दिवस. मग नीट कळलं की अर्ज भरताना पासपोर्ट द्यावा लागत नाही, इंटरव्ह्यूच्या दिवसापर्यंत तो आपल्याच कपाटात असतो. म्हणजे हातात नसतो तो काळ थोडा. मी बाबांचं चेकअप झाल्यानंतरची तारीख घेतली आणि भावाला सांगून ठेवलं. माझा पासपोर्ट लवकर आला, पण काहींचं प्रकरण पुढच्या तपासणीत जातं आणि लांबतं, तेव्हा घरी आजारपण चालू असेल तर तारीख पुढे ढकला, हे मी अगदी मनापासून सांगतो.

इंटरव्ह्यूबद्दल मात्र उगाच घाबरू नका. लंडनचा दूतावास आता नाइन एल्म्सला आहे, 2018 पासून, व्हॉक्सहॉल स्टेशनवरून चालत जाता येतं. लॅपटॉप, मोठी बॅग घरी ठेवून जा. आईबाबांना मुंबईत बोटांच्या ठशांसाठी वेगळी चक्कर आणि बीकेसीच्या कॉन्सुलेटला वेगळी असं करावं लागलं होतं, इथे दोन्ही एकाच फेरीत. रांगेत उभं राहण्याचा वेळच जास्त, खिडकीशी फार नाही. काचेपलीकडे एक तरुण मुलगी होती, तिने विचारलं कोणाकडे जाताय, काय काम करता, किती वर्षं या देशात आहात, मग स्क्रीनकडे बघत म्हणाली एस्टा नाकारलाय, का ते माहीत आहे? मी म्हटलं नाही, तेच कळत नाहीये. तिने काहीतरी टाइप केलं, इराण, क्युबा वगैरेकडे कधी गेला होता का विचारलं, मी नाही म्हटलं, जुना पासपोर्ट मागितला, सावकाश चाळला, आणि व्हिसा मंजूर असल्याचं सांगून नवा पासपोर्ट ठेवून घेतला. कारण तिनेही सांगितलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मला आजही ते माहीत नाही. पण एका माणसाने समोर बसून प्रश्न विचारले, माझं उत्तर ऐकलं आणि निर्णय दिला, हा फरक माझ्यासाठी फार मोठा होता. मी नेलेली बँक स्टेटमेंट, नोकरीचं पत्र, घराचे कागद काही मागितलंच नाही, तरी न्यावीत असंच मी म्हणेन, कारण परत यायची तुमची कारणं काय हे पटवायची जबाबदारी कायद्याने अर्जदारावरच असते. नुकतीच नोकरी सुटलीय, इथे काहीच बस्तान नाही अशा वेळी व्हिसाही नाकारला जाऊ शकतो, आणि ते पुढच्या प्रत्येक एस्टात सांगावं लागतं. त्यांनी थोडं थांबून अर्ज केलेला बरा.

मिळालं काय? ब्रिटिश पासपोर्टवर बी1/बी2 साधारणपणे दहा वर्षांचा येतो, हवं तितक्या वेळा जायचं. एस्टावर एका वेळी 90 दिवस आणि सहसा ते वाढवून मिळत नाहीत, या व्हिसावर उतरताना बहुधा सहा महिने देतात, लागलं तर वाढवायचा अर्ज तिथून करता येतो. ताईचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तिच्याकडे जरा जास्त राहिलो, तेव्हा हे कळलं. उतरल्यावर इमिग्रेशनचा अधिकारी प्रश्न विचारतोच, व्हिसा आहे म्हणून आत जायची हमी नसते, पण निदान लंडनहून निघताना पोटात गोळा येत नाही. पासपोर्ट संपला तरी जुन्यातला व्हिसा चालतो, दोन्ही पासपोर्ट सोबत ठेवायचे, फक्त नूतनीकरणाला पाठवताना व्हिसाचं पान खराब झालेलं नाही ना ते परत आल्यावर बघून घ्या.

पैशाचा हिशोब मांडला तरी फार फरक राहत नाही. दर दोन वर्षांनी चाळीस डॉलर म्हणजे दहा वर्षांत दोनशे, व्हिसाचे एकदाच 185. लंडनला जायचं यायचं भाडं आणि एक रजा वरून. मँचेस्टर किंवा एडिंबरावरून येणाऱ्यांना ते जड जाईल हे मान्य, आणि ज्यांना आयुष्यात एकदाच ऑरलँडोला मुलांना घेऊन जायचंय त्यांनी कदाचित चूक शोधून परत एस्टा भरून बघणं ठीकच आहे. पण ज्यांची सख्खी माणसं तिकडे आहेत, दर वर्षा-दोन वर्षांनी जाणं आहे, त्यांनी माझ्या मते वेळ न घालवता व्हिसा घ्यावा.

घरात सगळ्यांनी व्हिसा काढायची गरज नाही. आमच्याकडे बायको-मुलं अजूनही एस्टावरच जातात, एकाच विमानात, काही अडत नाही. तिकीट मात्र व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत मिळणारं असेल तरच काढा. आणि अमेरिकेत फक्त विमान बदलायचं असेल, म्हणजे मायामीवरून कॅनकूनला वगैरे, तरी एस्टा किंवा व्हिसा लागतोच, एअरपोर्टच्या बाहेर पडणार नसलात तरी, त्यामुळे एस्टा नाकारलेल्यांनी तोवर थेट विमान बघावं.